साठ मीटर, दोनदा

"माझं टायमिंग किती?" एवढंच मी विचारलं होतं.

टेबलामागे बसलेल्या पंचांनी कागदावरून मान वर न उचलता सांगितलं, "पहले तीन का लिखा है, मॅडम. बाकी का नहीं लिया."

आमची हिंगोलीकडची हिंदी परक्या मुलखात कधीकधी घोटाळा करते. तसंच काही झालं असेल म्हणून मी परत विचारलं, "नहीं लिया मतलब?"

"मतलब नहीं लिया."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तरी ते तीन शब्द आठवले की अजून माझ्या कानशिलाशी शीर उडते. मी कुरुंद्यात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडच्या लेकरांची वजनं मी दर महिन्याला घेते आणि मोबाईलमध्ये भरते. नऊ किलो चारशे ग्रॅमचं लेकरू चुकून नऊ किलो भरलं गेलं, तर वरून फोन येतो. त्यात काही वावगं नाही, चारशे ग्रॅम म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण ज्या बाईला चारशे ग्रॅमचा जाब द्यावा लागतो, ती दोन रात्री रेल्वेत काढून साठ मीटर धावते आणि तिथला माणूस तिला सांगतो की तुझं लिहून घेतलेलंच नाही. हे मी गिळायचं कसं?

पण आधी मी धावायला कशी लागले ते सांगते.

माझं माहेर पुसेगावच्या बाजूला. घरी मेंढरं आणि शेळ्या. लहानपणी शेळी कुणाच्या हरभऱ्यात शिरली की तिला वळवायला मी पळायची, आणि मालक यायच्या आत पोचायची. त्याला कुणी धावणं म्हणत नव्हतं. शाळेत मुलांची कबड्डी असायची, मुलींना रांगोळी. लग्न होऊन कुरुंद्याला आले, दोन लेकरं झाली, अंगणवाडीत लागले. पुढची वीस वर्षं मी पळाले असेन तर बस पकडायला.

मग माझ्या मुलीनं पोलीस भरतीचा ध्यास घेतला. पहाटे रस्त्यावर एकटी पोरगी कशी पाठवायची, म्हणून तिच्या बापानं मला सोबत पाठवलं. ती पळायची, मी कडेला उभी राहायची. थंडीचे दिवस होते. उभं राहून पाय गारठायचे, म्हणून मी तिच्या मागं हळूहळू पळायला लागले. साडी खोचून, पायात तिचे जुने बूट. महिन्याभरानं एका सकाळी ती शंभर मीटरचा सराव करत होती आणि मी सहज तिच्या बाजूनं सुटले. शेवटच्या खांबाशी ती वळून बघायला लागली, तर मी तिच्या पुढं.

"आई, तू काय करून राहिली?" ती धापा टाकत म्हणाली आणि रस्त्यात बसून हसायला लागली.

मुलगी भरती झाली, ट्रेनिंगला गेली. माझं पळणं मात्र चालूच राहिलं, आणि ते गावाला खटकायला लागलं. एक बाई भेटली की विचारायची, "शुगर निघाली व्हय तुम्हाला?" दुसरी म्हणायची, "डॉक्टरनं सांगितलं का?" चाळिशी ओलांडलेल्या बाईनं पळायचं तर तिला काहीतरी रोग असायला हवा. नुसतं बरं वाटतं म्हणून पळते, यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. मीसुद्धा सुरुवातीला "गुडघ्यासाठी" असं खोटं सांगत होते. त्याची मला आज लाज वाटते.

मुलीला शिकवणारे सर हिंगोलीच्या मैदानावर भरतीच्या मुलांचा सराव घेतात. फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनीच मला सांगितलं की पस्तिशीच्या पुढच्या बायका-पुरुषांच्याही स्पर्धा असतात, वयाचे गट असतात, तुम्ही या. मी दर रविवारी बसनं हिंगोलीला जायला लागले. तिथं माझ्यासारखीच आणखी एक होती, कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. वय माझ्याएवढंच, सेहेचाळीस. मी तिला सिस्टर म्हणायची, ती मला बाई म्हणायची. ती माझ्यापेक्षा वेगवान. साठ मीटरमध्ये ती मला अर्ध्या सेकंदानं तरी मागं टाकायची आणि शेवटच्या रेषेवर थांबून माझ्यासाठी टाळ्या वाजवायची. मला इतकी जिवाची मैत्रीण शाळेतही मिळाली नव्हती.

राज्याच्या स्पर्धेत आम्ही दोघी निवडल्या गेलो. पुढची स्पर्धा देशपातळीची, हिवाळ्यात, दूर पूर्वेकडच्या एका शहरात आणि छताखालच्या ट्रॅकवर. सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. आयुष्यभर धावण्यात घालवलेल्या त्या माणसानंही छताखालचा ट्रॅक कधी बघितला नव्हता.

"वारा न्हाई लागणार," ते विचार करून म्हणाले. "म्हणजे जे टायमिंग येईल ते खरं. तुमचं स्वतःचं."

तेच मला हवं होतं. मैदानावर सर हातातल्या घड्याळानं मोजायचे. कधी त्यांचं बोट लवकर दाबलं जायचं, कधी उशिरा. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या कॅमेऱ्यासमोर मी कोण आहे, हे मला एकदा बघायचं होतं. पदकाचं स्वप्न सिस्टरचं होतं, माझं नव्हतं.

रजा मागायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "कशासाठी?"

"धावायला."

"कुणाच्या मागं?" असं म्हणून ते शेजारच्या कारकुनाकडं बघून हसले. कारकूनही हसला. मी अर्ज टेबलावर ठेवून तशीच उभी राहिले. सही होईपर्यंत हलले नाही.

नांदेडहून आम्ही गाडीत बसलो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सिस्टरनं केलेले तिळाचे लाडू. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसून ती म्हणाली, "बाई, मी घरी सांगून आलेय, पदक घेऊनच येते. मालकांनी साफ सांगितलंय, रिकाम्या हातानं आलीस तर बूट माळ्यावर."

"मस्करी केली असंल."

"न्हाई. ते मस्करी करत न्हाईत."

हे तिचं बोलणं मी ऐकलं होतं. हे मी इथंच लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या शहरात पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की रिक्षावाल्यानं हॉल समोर असल्याचं सांगितलं, तरी आम्हाला तो दिसला नाही. आत गेलो आणि दोघी दारातच थबकलो. आमच्या मोंढ्यातली चार-पाच गोदामं एकापुढं एक जोडावीत एवढं मोठं छत. कडेनं वळणावर उचललेला गोल ट्रॅक, आणि मधोमध साठ मीटरच्या सरळ पट्ट्या. शेवटच्या रेषेच्या पुढं थोडीशी जागा आणि मग भिंत. भिंतीला जाडजूड गाद्या टांगलेल्या, कारण साठ मीटर पळणारा माणूस तिथं थांबू शकत नाही, जाऊन आदळतोच. ऊन नाही, धूळ नाही, वारा नाही. थंडी मात्र होती, बंद खोलीत साठलेली, कोरडी. घसा लगेच सुकायचा. नव्या रबराचा वास नाकात बसायचा.

आमची शर्यत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होती. सकाळी आम्ही वर पायऱ्यांवर बसून पुरुषांच्या शर्यती बघितल्या. सत्तरीच्या पुढचे आजोबा धावले. बंदुकीचा आवाज छताखाली असा फुटायचा की छातीत धस्स व्हायचं. एका आजोबांची मांडी अर्ध्यातच धरली. ते थांबले, मांडी चोळली आणि चालत चालत रेषा ओलांडली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं आणि टायमिंग आलं. चालत आलेल्या आजोबांचंसुद्धा, शंभराव्या भागापर्यंत. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सिस्टरला म्हणाले, "बघ, कुणालाच सोडत न्हाईत हे लोक."

दीडच्या सुमाराला आम्ही केळी खात होतो. तेवढ्यात माईकवर पुकारा झाला की पंचेचाळीसच्या पुढच्या महिलांच्या साठ मीटरच्या शर्यती आत्ताच होतील. सगळ्या गटांनी ताबडतोब हजर व्हावं.

आम्ही पिशव्या उचलून धावत खाली आलो. अंग गरम केलेलं नाही, बूट बदललेले नाहीत. अशा थंडीत स्नायू गरम न करता सुटायचं म्हणजे या वयात पाय मोडून घेणं. नंबर लावणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली की प्रमुख पाहुणे लवकर येणार आहेत. त्यांच्या आगमनानंतर पुरुषांची रिले ठेवली आहे. मधल्या वेळात तुमचं उरकून घ्यायचं आहे.

उरकून घ्यायचं. लग्नात शेवटची पंगत उरकतात तसं.

आमच्या गटात आठ जणी होतो. मी पहिल्या पट्टीत, सिस्टर चौथ्या. आठव्या पट्टीत केरळहून आलेली एक उंच, काळीसावळी बाई होती. तिला हिंदी येत नव्हती. ती खुणेनंच विचारत होती, बूट बदलायला वेळ आहे का? नव्हता. तिकडं माईकवरचा माणूस म्हणत होता, "अब हमारी मम्मियाँ दौड़ेंगी! मम्मी लोग, खाना बनाके आए हो ना?" पायऱ्यांवरचे काही लोक हसले. सकाळी त्या आजोबांना त्यानं विचारलं नव्हतं की शेताला पाणी देऊन आलात ना.

बंदूक वाजली. मला त्या शर्यतीतलं फार कमी आठवतं. पहिली चार पावलं जड, मग एकदम जमीन हलकी. उजवीकडं सिस्टरची निळी बाही पुढं पुढं जाताना दिसली. त्यापलीकडचं काहीच नाही. मग गादी. दोन्ही हात गादीत रुतले आणि माझ्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

वळून पडद्याकडं बघितलं. पडद्यावर हार, दिवे, आणि एका गृहस्थांचा हात जोडलेला फोटो. खाली "हार्दिक स्वागत".

थोड्या वेळानं माईकवर तीन नावं पुकारली. पहिली, सिस्टर. मी ओरडले, तिला उचलायलाच गेले. ती रडत होती, हसत होती, बुटाच्या नाड्या सोडायचंसुद्धा तिला सुचत नव्हतं. तिनं फोन काढून घरी लावला आणि बोलत बोलत ती पदकवाल्यांच्या खोलीकडं गेली.

आणि मी माझं टायमिंग विचारायला टेबलाशी गेले.

पंचांनी "नहीं लिया" म्हटल्यावर मी विचारलं, "कॅमेरा होता ना?" तेव्हा बाजूच्या तरुण माणसानं खरं सांगून टाकलं. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर आणि पडदा पाहुण्यांच्या स्वागताच्या व्हिडिओसाठी घेतला होता. बायकांच्या शर्यतींना तीन पंच उभे केले, हातात घड्याळं देऊन. एकेकानं एकेक नंबर बघायचा. बाकीच्या पाच जणींना कुणी बघितलंच नाही.

"सकाळी चालत आलेल्या आजोबांचं लिहिलंत," मी म्हणाले. "मी पळत आले."

आता पंचांनी मान वर केली. चेहरा वाईट नव्हता. समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "मॅडम, आप पाँचवीं आई या सातवीं, क्या फरक पड़ता है? इस उमर में भाग लिया, यही बड़ी बात है. एन्जॉय कीजिए."

त्यांनी मला शिवी दिली असती तरी इतका राग आला नसता. शिवी देणारा निदान समोरच्याला माणूस समजतो. मी तिथं मजा करायला आले नव्हते. दीड वर्ष पहाटे चारला उठून, स्वयंपाक करून, मुरमाच्या मैदानावर पायाची सालटं काढून आले होते. अंगणवाडीत जेव्हा एखादी आई विचारते की माझ्या पोरीचं वजन किती वाढलं, तेव्हा मी तिला म्हणते का, की बाई, पोरगी जिवंत आहे हेच खूप?

तेवढ्यात केरळची ती बाई टेबलाशी आली. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एक बोट वर केलं. मग थोडा विचार करून दोन बोटं. मग तिसरं बोट खाली दाबून मान जोरात हलवली. तिला म्हणायचं होतं, मी पहिली होते, फार तर दुसरी. पंचांनी खांदे उडवले. आठवी पट्टी त्या तिघांच्या नजरेपासून सगळ्यात लांब होती.

मी कोरा कागद मागितला. त्यांनी दिला नाही, मग शेजारच्या बाईच्या छातीवरचा नंबराचा कागद काढून उलटा केला आणि त्यावर अर्ज लिहिला. सरकारी कामात माझी बाकी काही नाही तरी अर्जाची भाषा पक्की झालेली आहे. "आमच्या शर्यतीची नोंद यंत्राने घेण्यात आलेली नाही. सबब ही शर्यत ग्राह्य धरता येत नाही. ती यंत्राच्या नोंदीसह पुन्हा घ्यावी." हिंदीत, मोठ्या अक्षरात. आठ जणींपैकी सहा जणींनी सह्या केल्या. दुसरी आलेली बाई नको म्हणाली. तिसरी आलेलीनं मात्र सही केली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सिस्टरला मी विचारलं नाही. ती पलीकडच्या खोलीत होती, पन्नास पावलांवर. तेव्हा सुचलंच नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. सुचलं होतं. विचारलं तर ती नको म्हणेल आणि मग मला थांबावं लागेल, हे कळून मी तिकडं गेले नाही.

अर्ज कुणी घेईना. मग मी जाऊन साठ मीटरच्या सुरुवातीच्या रेषेवर मांडी घालून बसले. माझ्या शेजारी केरळची बाई बसली. मग बाकीच्या. पाच मिनिटांत मागच्या गटातल्या पन्नाशीच्या, साठीच्या बायकाही येऊन बसल्या, कारण त्यांचंही टायमिंग कुणी घेतलं नव्हतं. पाहुणे दारात आलेले, रिलेवाले पुरुष ट्रॅकसूट काढून उभे, आणि मधोमध आम्ही वीसेक बायका. माईकवाला गप्प झाला होता.

शेवटी स्पर्धेचे मुख्य आले, पांढऱ्या केसांचे, वाकलेले. त्यांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला, पंचांना दोन प्रश्न विचारले. उत्तरं ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला. मग त्यांनी मला विचारलं, "पाँच बजे दौड़ सकेंगी?"

"अभी बोलो तो अभी," मी म्हणाले.

माईकवर घोषणा झाली. महिलांच्या सगळ्या शर्यती पाच वाजता पुन्हा होतील. आधीचा निकाल रद्द.

सिस्टर आली तेव्हा तिच्या गळ्यात अजून पदक नव्हतं, पण केस विंचरलेले होते, फोटोसाठी. तिनं विचारलं, "कुणी केला अर्ज?"

"मी."

"तू?"

"अगं, कॅमेराच नव्हता. तू परत पहिली येशील. खरं टायमिंग मिळेल तुला."

"मी पहिली आले होते, बाई," ती म्हणाली. "तू माझं पदक काढून घेतलंस." आणि ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बूट बांधायला लागली.

पाच वाजता आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. त्याच पट्ट्या. माईकवाला आता फक्त नावं आणि राज्यं सांगत होता. या खेपेला मला सगळं आठवतं. बोटांखालचं खरबरीत रबर, "सेट"नंतरची शांतता, आणि बंदुकीच्या आधीच माझ्या डोक्यात घुमणारं सिस्टरचं वाक्य. माझी सुरुवात चांगली झाली. चाळीस मीटरपर्यंत मी तिच्या बरोबरीनं होते, जे कधीच झालं नव्हतं, आणि त्यावरूनच मला कळलं की तिचं काहीतरी बिघडलंय. मग ती थोडी पुढं गेली. मग गादी.

पडद्यावर नावं आली. केरळची बाई पहिली, नऊ सेकंद शून्य सहा. सिस्टर तिसरी, नऊ एकसष्ट. मी पाचवी. नऊ सत्याऐंशी.

ते आकडे मी बघत राहिले. मला वाटलं होतं, ते बघितल्यावर मला खूप आनंद होईल. आनंद झाला, नाही असं नाही. पण तो नीट अंगात यायच्या आत मला गादीला टेकून बसलेली सिस्टर दिसली. निळी बाही दातांत धरून ती रडत होती.

"पहिल्या वेळेला मीच होते," ती म्हणाली. "पायात गोळा आला आता. पहिल्या वेळेला मीच होते ना? तू बघितलंस ना?"

मी बघितलं नव्हतं. मला फक्त तिची निळी बाही दिसली होती. आठवी पट्टी मला दिसतच नव्हती. कदाचित ती खरंच पहिली होती. कदाचित केरळची बाई होती. आता हे जगात कुणालाच सांगता येणार नाही, आणि माझा खरा राग इथं आहे. त्या लोकांनी नुसतं आमचं टायमिंग घालवलं नाही. एका हारांच्या व्हिडिओसाठी त्यांनी दोन बायकांचं खरं खोटं कायमचं पुसून टाकलं, आणि मग त्या बायकांना एकमेकींसमोर उभं केलं.

परतीच्या गाडीत सिस्टर वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही. कांस्यपदक तिच्या पिशवीत होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी खाली बसून दोन दिवस खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात त्या पंचांशी भांडत होते. तिच्याशी बोलायला लागणारे शब्द मला सापडत नव्हते, त्याच्याशी भांडायला मात्र हजार सापडत होते.

नांदेडला उतरून कळमनुरीमार्गे येणाऱ्या बसमध्ये आम्ही बसलो. कळमनुरीच्या चौकात बस थांबली आणि मी तो फ्लेक्स बघितला. सिस्टरचा हसरा फोटो, पांढऱ्या गणवेशातला, आणि वर सोनेरी अक्षरात "सुवर्णकन्या". पुढं कळलं, तिनं पहिल्या निकालानंतर फोन केला होता, त्याच संध्याकाळी तिच्या भाच्यांनी तो लावला होता. नंतर घरी खरं कळवायचं धैर्य तिला झालं नव्हतं. ती त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून गेली. मागं वळून बघितलं नाही.

भांडणाचं तेवढं मी फोनवर सांगितलं होतं. घरी आल्यावर मालकांनी विचारलं, "कितवी आलीस?"

"पाचवी."

"मंग भांडलीस काहून? पाचवीच यायचं होतं तर बिनभांडता बी येता आलं असतं."

मी हातातला तांब्या खाली आदळला. "मी पाचवी आले, हे तुमाला आज सांगता तरी येऊन राहिलं का न्हाई मला? न भांडता आले असते तर काय सांगितलं असतं? गेले होते, पळाले, ठाऊक न्हाई?" जेवताना ते हळूच म्हणाले, "नऊ सत्याऐंशी म्हंजी बरं असतं का?" मी म्हणाले, "माझ्यासाठी लई बरं असतं."

त्यानंतर दीड महिना सिस्टर रविवारी मैदानावर आली नाही. मी फोन केले, तिनं उचलले नाहीत. संक्रांत झाली. हळदीची काढणी सुरू झाली. शेवटी एका मंगळवारी, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी, मी बस धरली आणि थेट दवाखान्यात गेले. चौकातला फ्लेक्स निघालेला होता, बांबू तसेच होते. ती इंजेक्शनच्या खोलीत होती. मला बघून म्हणाली, "बस. दहा पेशंट हायेत." मी बाहेर बाकावर तासभर बसले.

मग ती दोन कप चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.

"मी लई विचार केला," ती म्हणाली. "तू बोलली ते बराबर होतं. कॅमेरा पाहिजेच होता. आजोबांना होता, आपल्याला काहून न्हाई? हे मला तवाच कळलं होतं."

"मग?"

"पण तू मला इचारायला पाहिजे होतं."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

"व्हय. म्हणले असते." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "आणि तू तरी बी जाऊन बसली असतीस तिथं. बस की. पण माझं सोनं जाऊन राहिलं, हे मला माईकवरून कळायला पाहिजे होतं का? त्या लोकांनी आपल्याला इचारलं न्हाई म्हणून तू भांडलीस. आणि तू मला इचारलं न्हाई."

माझा राग खरा होता, आजही खरा आहे, पण त्या रागाच्या भरात मी माझ्या मैत्रिणीला त्याच टेबलाच्या पलीकडं ढकललं होतं. मी तिला म्हणाले, "चुकले सिस्टर." तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

"मालक काय म्हणाले?" मी विचारलं.

"बूट माळ्यावर टाकले." ती पहिल्यांदा थोडं हसली. "मी काढले परत. म्हणले, टाका अजून एकदा, मंग तुमीच काढून द्याल."

त्याच बाकावर बसून आम्ही स्पर्धेच्या लोकांना एक पत्र लिहिलं. या वेळी मजकूर तिनं सांगितला, मी लिहिला. तिनं एकच मागणी केली. बायकांची शर्यत असेल तेव्हा कॅमेऱ्याला दुसरं काम देऊ नये. दोघींनी सह्या केल्या. महिन्याभरानं तीन ओळींचं उत्तर आलं, आपली सूचना योग्य त्या समितीपुढं ठेवण्यात येईल म्हणून. पुढं काही नाही. ते उत्तर वाचून सिस्टर माझ्यापेक्षा जास्त चिडली. तिनं लगेच दुसरं पत्र लिहायला घेतलं.

यंदाच्या हिवाळ्यासाठी आम्ही दोघींनी नावं दिली आहेत. आत्तापासूनच ती मला रोज एकदा फोनवर विचारते, "कॅमेरा नसला तर काय करायचं?" मी म्हणते, "तू सांग." ती म्हणते, "आधी बघू तर." अजून ठरलेलं नाही. रविवारी मैदानावर सर चुन्यानं साठ मीटर आखून देतात, थंडी चांगली पडलेली असते, आणि सिस्टर अजूनही मला अर्ध्या सेकंदानं मागं टाकते. फक्त आता रेषेवर थांबून टाळ्या वाजवत नाही. उभी राहते, पाणी देते, आणि म्हणते, "चल, परत एकदा."